बंदरातून शहरात: पायी पाहायची मुंबई

मुंबईचे बंदर शहराच्या पूर्वेला आहे. मुंबईत जन्म काढलेल्यांच्याही हे पटकन ध्यानात येत नाही, कारण समुद्र म्हटला की डोळ्यांपुढे उभा राहतो तो पश्चिमेचा: मरीन ड्राइव्ह, गिरगाव चौपाटी, हाजी अली, जुहू. तो समुद्र उघडा आहे. पावसाळ्यात नैर्ऋत्येचा वारा त्याच्यावरून थेट किनाऱ्यावर चालून येतो. पूर्वेला चित्र वेगळे. एका बाजूने मुंबई बेट आडवे आलेले, समोर रायगडचा किनारा, उत्तरेकडून येऊन मिळणारी ठाण्याची खाडी, आणि या सगळ्यांच्या मध्ये खोल, बरेचसे शांत पाणी. शिडांच्या काळात पावसाळाभर जहाजे सुरक्षित नांगरून ठेवता येतील अशा जागा हिंदुस्थानच्या पश्चिम किनाऱ्यावर मोजक्याच होत्या, आणि त्यांत ही फार ऐसपैस. १६६१ च्या विवाहकराराने पोर्तुगालकडून इंग्लंडच्या राजाकडे आलेली ही बेटे १६६८ मध्ये वर्षाला दहा पौंड भाड्याने ईस्ट इंडिया कंपनीच्या हाती गेली, तेव्हा कंपनीला मोल होते ते या पाण्याचे. किल्ला, कस्टम हाऊस, वखारी, गोदी, टांकसाळ हे सगळे पूर्व किनाऱ्याला धरून उभे राहिले. पश्चिमेची बाजू दीर्घकाळ शहराची पाठ होती.

त्यामुळे मुंबई पायी पाहायची तर सुरुवात पूर्वेच्या पाण्यापासून करावी आणि तिथून पश्चिमेकडे व उत्तरेकडे सरकत जावे. शहर ज्या क्रमाने वाढले, साधारण त्याच क्रमाने ते मग पायांखालून जाते. मरीन ड्राइव्हवरून निघालेल्या फेरीत इमारती दिसतात, पण त्या तिथे का आहेत याचा उलगडा होत नाही.

सोबत वाटाड्या न घेता, हाती नकाशा ठेवून, आपल्या चालीने शहर पाहण्याला दक्षिण मुंबई विलक्षण सोयीची आहे. जुन्या किल्ल्याची हद्द दक्षिणोत्तर जेमतेम दीड किलोमीटर. कुलाब्याच्या ससून डॉकपासून छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसपर्यंत सावकाश चालत, मध्ये थांबत, अर्धा दिवस पुरतो. कुठेही थकवा आला तर जवळच स्टेशन आहे, बेस्टची बस आहे, इराण्याचे हॉटेल आहे. वाटाड्याचा फायदा असतोच. पण तो ठरलेल्या जागी थांबतो, ठरलेले सांगतो आणि सर्वांना एका वेगाने नेतो. बंदराच्या शहरात मात्र पाहण्यासारखे बरेच काही वेळेवर अवलंबून असते: भरती, मासळीचा लिलाव, दुपारी गोदामापुढे लागलेल्या हातगाड्या. एकट्याने फिरणाऱ्याला त्या वेळा पाळता येतात, एकाच गल्लीत तासभर रेंगाळता येते, चुकलेली वाट पुन्हा चालता येते.

अशा फिरस्त्याने निघण्यापूर्वी तीन रेषा मनात आखून घ्याव्यात. पहिली रेषा मूळ पूर्व किनाऱ्याची. आजचा शहीद भगतसिंग मार्ग आणि पुढे पी. डिमेलो मार्ग ढोबळमानाने या किनाऱ्याच्या जवळून जातो. त्याच्या पूर्वेची बहुतेक जमीन एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात आणि त्यानंतर समुद्रात भर घालून मिळवलेली आहे. बोरीबंदर, चिंचबंदर, दाणाबंदर ही नावे आज पाण्यापासून दूर पडली आहेत, ती या भरावामुळे. दुसरी रेषा तटाची. गव्हर्नर चार्ल्स बून याच्या काळात, अठराव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात, गावाभोवती तट उभा राहिला. त्याला तीन मुख्य दरवाजे होते: दक्षिणेला अपोलो गेट, पश्चिमेला चर्चगेट, उत्तरेला बाजारगेट. १७३९ मध्ये चिमाजी आप्पांनी वसई घेतली आणि मुंबईच्या व्यापाऱ्यांना इतकी धास्ती बसली, की तटाबाहेर खंदक खणण्यासाठी त्यांनी तीस हजार रुपयांची वर्गणी काढली. मराठ्यांच्या भीतीने खणलेला हा खंदक आणि तो तट १८६० नंतर गव्हर्नर बार्टल फ्रियर याच्या कारकिर्दीत काढून टाकण्यात आले. तिसरी रेषा पश्चिमेच्या भरावाची. ती विसाव्या शतकातली आणि ओव्हल मैदानाच्या कडेवर अजून स्पष्ट दिसते. या तीन रेषा कळल्या की कोणत्याही रस्त्यावर उभे राहून आपण मूळ बेटावर आहोत, तटाच्या आत आहोत की भरावावर, हे सांगता येते. दक्षिण मुंबईतल्या फेरीचा अर्धा आनंद या ओळखण्यात आहे.

मराठी वाचकाला आणखी एक आधार उपलब्ध आहे. गोविंद नारायण माडगावकर यांचे ‘मुंबईचे वर्णन’ १८६३ मध्ये प्रसिद्ध झाले. मुंबईवर मराठीत लिहिलेले हे पहिले मोठे पुस्तक, आणि ते नेमके तट पडण्याच्या दिवसांतले. जुने शहर जाऊन नवे येत असताना ते पाहणाऱ्या माणसाची ही नोंद आहे. फिरण्यापूर्वी त्यातली काही प्रकरणे चाळली तर फोर्टातल्या गल्ल्या अधिक बोलक्या होतात.

पहिली वाट कुलाब्याची. ससून डॉक १८७५ मध्ये बांधून झाली. बगदादहून आलेल्या ज्यू व्यापारी घराण्यातील अल्बर्ट ससून यांनी ती भराव घालून उभारली. आत पाणी कोंडून धरणारी, म्हणजे ओहोटीतही जहाज तरते ठेवणारी, ही पश्चिम हिंदुस्थानातली पहिली गोदी. मुंबईच्या बंदरात मोठ्या उधाणाला भरती-ओहोटीतला फरक पाच मीटरच्या घरात जातो, हे लक्षात घेतले तर अशा गोदीची गरज कळते. तिच्याआधी मोठी जहाजे दूर नांगरून राहत आणि माल लहान पडावांतून किनाऱ्यावर येई. ससून डॉक बांधली कापसासाठी, पण तिचे आजचे आयुष्य मासळीचे आहे. पहाटे, उजाडायच्या आधीपासून, ट्रॉलर धक्क्याला लागतात. पाट्या वर येतात, बर्फाची लादी फुटते, लिलाव पुकारला जातो आणि कोळणी, व्यापारी, टेम्पोवाले यांच्या गर्दीतून पापलेट, सुरमई, बोंबील, मांदेली, कोळंबी वाटेला लागतात. बाजूच्या शेडमध्ये बायका कोळंबी सोलत बसलेल्या असतात. सकाळी आठनंतर येणाऱ्याला यातले फार थोडे पाहायला मिळते. १ जून ते ३१ जुलै या काळात मासेमारी बंद असते, तेव्हा धक्क्यावर जाळी दुरुस्त करणे आणि होड्या रंगवणे चालते. तेही पाहण्यासारखे आहे. ही लोकांच्या पोटापाण्याची जागा आहे. वाट अडवू नये, विचारल्याशिवाय कोणाचा फोटो काढू नये. गोदीच्या हद्दीत छायाचित्रणावर निर्बंधही आहेत.

डॉकच्या दक्षिणेला अफगाण चर्च आहे. पहिल्या अफगाण युद्धातील मृतांच्या स्मरणार्थ बांधलेल्या या चर्चचे उद्घाटन १८५८ चे, आणि त्याचा उंच मनोरा बंदरात शिरणाऱ्या जहाजांना खूण म्हणून उपयोगी पडे. तिथून उत्तरेकडे निघाले की कुलाबा कॉजवे लागतो. आज तो दुकानांनी गजबजलेला रस्ता वाटतो, पण १८३८ मध्ये तो झाला तेव्हा कुलाब्याचे बेट मुख्य बेटाला प्रथमच कायमचे जोडले गेले. त्याआधी भरतीच्या वेळी होडीशिवाय जाता येत नसे.

अपोलो बंदरावर गेटवे ऑफ इंडिया उभा आहे. त्याची कोनशिला ३१ मार्च १९११ रोजी बसली, जॉर्ज विटेट यांचा आराखडा १९१४ मध्ये मंजूर झाला आणि उद्घाटन ४ डिसेंबर १९२४ रोजी झाले. राजा पंचम जॉर्ज १९११ च्या डिसेंबरात इथे उतरला तेव्हा ही कमान नव्हतीच. तिच्या खालून २८ फेब्रुवारी १९४८ रोजी ब्रिटिश सैन्याची शेवटची तुकडी निघून गेली. गांधीजी दक्षिण आफ्रिकेचे काम संपवून ९ जानेवारी १९१५ रोजी उतरले ते याच अपोलो बंदरावर. समोरचे ताजमहाल हॉटेल गेटवेपेक्षा वयाने मोठे, १९०३ चे. त्याच्या पहिल्या आराखड्यावर काम करणाऱ्यांत सीताराम खंडेराव वैद्य हे मराठी अभियंते होते. घोड्यावर बसलेल्या शिवछत्रपतींचा पुतळा इथे २६ जानेवारी १९६१ रोजी बसवला गेला. गेटवेच्या परिसरात एक गोष्ट मात्र पर्यटकांच्या डोळ्यांआड राहते. अपोलो बंदरावर १८७८ पासून समुद्राची पातळी मोजली जात आहे, आणि ही नोंद भारतातल्या सर्वांत जुन्या नोंदींपैकी आहे. समुद्र किती चढला हे सांगणाऱ्या शास्त्रज्ञांना या एका ठिकाणाचा मोठा आधार असतो.

गेटवेहून उत्तरेकडे चालताना उजव्या हाताला उंच भिंत सुरू होते आणि बराच वेळ संपत नाही. ही नौदलाची गोदी. तिच्या आत मुंबईच्या इतिहासातले सर्वांत मोठे प्रकरण बंद आहे आणि सामान्य माणसाला तिथे प्रवेश नाही, म्हणून ते भिंतीबाहेरूनच समजून घ्यावे लागते. सुरतेचे जहाजबांधणारे लवजी नसरवानजी वाडिया १७३६ मध्ये कंपनीच्या बोलावण्यावरून मुंबईला आले. त्यांच्या घराण्याने पुढे सुमारे दीडशे वर्षे इथे जहाजे बांधली, मलबारच्या सागवानातून. इंग्लंडातील ओकची जहाजे कुजत, सागवानी जहाजे टिकत. म्हणून ब्रिटिश नौदलानेही मुंबईत युद्धनौका बांधून घेतल्या. १८१३ च्या ‘कॉर्नवॉलिस’ या नौकेवर १८४२ मध्ये इंग्लंड आणि चीन यांच्यातला नानकिंगचा तह झाला. १८१७ ची ‘ट्रिंकोमाली’ अजून तरंगत आहे. इंग्लंडमधील हार्टलपूल या गावी ती लोकांना पाहायला खुली आहे. मुंबईच्या सुतारांच्या हातचे हे काम पाहायला मुंबईकराला इंग्लंडला जावे लागते, ही खेदाची गोष्ट आहे. याच भिंतीच्या उत्तर टोकाला कॅसल बॅरक्स होती. १८ फेब्रुवारी १९४६ रोजी ‘तलवार’ या नाविक तळावर सुरू झालेला खलाशांचा उठाव तीन दिवसांत इथे पोचला आणि २१ फेब्रुवारीला बॅरक्समधील खलाशी आणि बाहेरचे सैन्य यांच्यात गोळीबार झाला. शहरातल्या कामगारांनी संप करून खलाशांना साथ दिली आणि रस्त्यांवर शेकडो माणसे बळी पडली.

भिंत सोडून थोडे पश्चिमेला वळले की काळा घोडा. ज्या पुतळ्यावरून चौकाला हे नाव पडले तो १९६५ मध्ये हलवून भायखळ्याच्या जिजामाता उद्यानात नेला गेला. चौकातला आताचा स्वाराविना घोडा २०१७ चा आहे. जवळच एस्प्लनेड मॅन्शन, म्हणजे पूर्वीचे वॉटसन हॉटेल. ओतीव लोखंडाचा सांगाडा इंग्लंडात तयार करून जहाजाने आणला आणि इथे जोडला. ७ जुलै १८९६ रोजी ल्युमिएर बंधूंच्या चित्रफिती हिंदुस्थानात प्रथम दाखवल्या गेल्या त्या याच इमारतीत. १८८४ चे निळ्या रंगाचे केनेसेथ एलियाहू सिनेगॉगही इथून दोन पावलांवर आहे.

फोर्टाच्या मध्यभागी, हॉर्निमन सर्कलमध्ये, फिरणाऱ्याने भरपूर वेळ काढावा. ही जागा पूर्वी मोकळे मैदान होती. तिथे कापसाच्या गासड्या पडलेल्या असत आणि त्यांचे वजन-माप चाले. पुढे कापूस कुलाब्याला गेला आणि १८६० च्या दशकात मैदानाभोवती एकसारख्या कमानींच्या इमारतींचे वर्तुळ आखले गेले. पैसा आला होता तो अमेरिकेतल्या यादवी युद्धाने. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकन कापूस इंग्लंडच्या गिरण्यांपर्यंत पोचेना, त्यामुळे मुंबईच्या कापसाला सोन्याचा भाव आला. बँका, भराव-कंपन्या आणि शेअरचा जुगार फोफावला, आणि युद्ध संपताच १८६५ मध्ये सगळे कोसळले. आज फोर्टात जे भव्य दिसते त्यातले पुष्कळसे या चार वर्षांच्या पैशाने सुरू झाले किंवा त्याच हव्यासातून आखले गेले. त्याआधीची संपत्ती चीनशी होणाऱ्या कापूस आणि अफूच्या व्यापारातून आली होती, हेही विसरू नये. सर्कलच्या एका बाजूला मुंबई समाचारचे लाल रंगाचे कार्यालय आहे. १८२२ पासून निघणारे हे गुजराती वृत्तपत्र आशियातले अखंड चालू असलेले सर्वांत जुने मानले जाते. पलीकडे सेंट थॉमस कॅथीड्रल, १७१८ मध्ये उपासनेसाठी खुले झालेले. चर्चगेट हे नाव त्याच्यामुळे पडले. शहरातले जुने मैलाचे दगड अंतर मोजत ते या चर्चपासून. त्यातले काही अलीकडे शोधून दुरुस्त केले गेले आहेत आणि परळ-दादरकडच्या फेऱ्यांत डोळे उघडे ठेवले तर सापडतात. आत भिंतींवर तरुण वयात तापाने किंवा समुद्रात मेलेल्या इंग्रजांचे संगमरवरी स्मृतिलेख आहेत. ते वाचत गेले की बंदराने किती माणसे खाल्ली याचा अंदाज येतो.

सर्कलच्या पूर्वेला टाऊन हॉल, १८३३ चा. एशियाटिक सोसायटीचे ग्रंथालय इथे आहे आणि आतल्या पुतळ्यांत जगन्नाथ शंकरशेट यांचा पुतळा आहे. टाऊन हॉलच्या पायऱ्यांवर बसलेला माणूस पश्चिमेकडे पाहतो. त्याच्या पाठीशी पूर्वी लगेच पाणी होते. तो किनारा कुठे गेला, ते कळण्यासाठी इमारतीला वळसा घालून बॅलार्ड इस्टेटकडे चालत जावे. १९०८ ते १९१४ या काळात अलेक्झांड्रा डॉक, म्हणजे आताची इंदिरा डॉक, खणताना निघालेल्या मातीने हा सगळा भाग भरला गेला आणि त्यावर विटेट यांच्या आराखड्याने एकाच उंचीच्या, एकाच धाटणीच्या दगडी इमारती आल्या. बहुतेक बोट कंपन्यांची, विम्याची आणि व्यापारी पेढ्यांची कार्यालये. इथल्या बॅलार्ड पिअरवर युरोपच्या टपालबोटीतून उतरलेला प्रवासी शेजारच्याच स्टेशनातून थेट उत्तरेच्या गाडीत बसे. रविवारी सकाळी हे रस्ते मोकळे असतात आणि फूटपाथही बरे आहेत. दक्षिण मुंबईत पायी चालायला याच्याइतकी निवांत जागा दुसरी नाही.

तटाच्या पश्चिमेकडचे शहर बहुतेकांनी पाहिलेले असते, म्हणून त्याविषयी थोडक्यात. १८६४ चे फ्लोरा फाउंटन जुन्या चर्चगेटच्या जागेपाशी आहे. शेजारचे हुतात्मा स्मारक संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यातल्या हुतात्म्यांचे. २१ नोव्हेंबर १९५५ रोजी याच चौकात गोळीबार झाला होता. पुढे ओव्हल मैदान. त्याच्या एका कडेला उच्च न्यायालय, विद्यापीठ आणि १८७८ चा राजाबाई टॉवर ही गॉथिक रांग, दुसऱ्या कडेला १९३० च्या दशकातल्या आर्ट डेको इमारती. गॉथिक इमारती बांधल्या गेल्या तेव्हा त्यांच्यापुढे थेट समुद्र होता. समोरची रांग नंतरच्या भरावावर आली. मैदानाच्या मध्ये उभे राहिले की साठ वर्षांत शहर किती पुढे सरकले ते दोन्ही बाजूंना दिसते. युनेस्कोने २०१८ मध्ये या दोन्ही रांगांना मिळून जागतिक वारशाचा दर्जा दिला.

खरे कष्टाचे आणि खरे मोलाचे चालणे उत्तरेला आहे. छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस, फ्रेडरिक स्टीव्हन्स यांनी १८७८ ते १८८८ या दहा वर्षांत बांधलेले, सर्वांना माहीत असते. मात्र त्याच्या मागे, सेंट जॉर्ज रुग्णालयाच्या आवारात, जुन्या किल्ल्याच्या तटबंदीचा एक तुकडा शिल्लक आहे, आणि तो पाहायला फारसे कोणी जात नाही. स्टेशनच्या उत्तरेला, क्रॉफर्ड मार्केट ओलांडले की मांडवी, मस्जिद बंदर, दाणाबंदर. बंदरातून आलेला माल इथे साठायचा, फुटायचा आणि देशभर जायचा. धान्य आणि मसाल्याचा घाऊक बाजार नंतर वाशीला हलवण्यात आला, तरी गल्ल्यांतले गोदामांचे जग मोडलेले नाही. डोक्यावर आणि पाठीवर ओझे वाहणारा माथाडी इथे सकाळपासून दिसतो. अण्णासाहेब पाटील यांनी या कामगारांची संघटना उभी केली आणि १९६९ चा माथाडी कायदा झाला, तेव्हा पश्चिम महाराष्ट्रातल्या दुष्काळी गावांतून आलेल्या हजारो हमालांना प्रथमच ठरावीक मजुरी आणि भविष्यनिर्वाह निधी मिळाला. या गल्ल्यांत फिरणाऱ्याने हे ध्यानात ठेवून बाजूने चालावे.

मांडवीतल्या सॅम्युअल स्ट्रीटवर शाअर हारहमीम हे सिनेगॉग आहे. त्याची स्थापना १७९६ ची, आणि संस्थापक सॅम्युअल इझिकेल दिवेकर हे बेने इस्रायल समाजातले. कोकणातल्या गावांवरून आडनावे घेतलेला, घरात मराठी बोलणारा हा ज्यू समाज मुंबईत आला तो बंदर आणि फौज यांच्यामागे. ससून बगदादहून आले, दिवेकर रायगडच्या किनाऱ्यावरून. ससून घराण्याचे केनेसेथ एलियाहू आणि दिवेकरांचे हे सिनेगॉग एका दिवसाच्या चालण्यात पाहता येतात.

याच मांडवीत सप्टेंबर १८९६ मध्ये प्लेगचा पहिला रोगी ओळखला गेला. ओळखणारे डॉक्टर अकासिओ गाब्रिएल व्हिएगस हे मूळचे गोव्याचे. रोग बहुधा हाँगकाँगकडून जहाजाने आला आणि धान्याच्या गोदामांतल्या उंदरांनी तो पसरवला. लाखो लोक शहर सोडून गावी गेले. त्या हाहाकारानंतर १८९८ मध्ये सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला आणि त्याने हवा खेळावी म्हणून दाट वस्ती फोडून सरळ रस्ते काढले. सँडहर्स्ट रोड आणि प्रिन्सेस स्ट्रीट हे त्यातले. वाकड्यातिकड्या गल्ल्यांतून चालता चालता एकाएकी रुंद, सुतासारखा रस्ता लागतो तेव्हा तो प्लेगने पाडलेला असण्याचा संभव मोठा. व्हिएगस यांचा पुतळा धोबी तलावापाशी, मेट्रो सिनेमासमोर आहे. त्या चौकाजवळच्या जेर महालसारख्या इमारतींत गोव्यातल्या एकेका गावाचे कूड आहेत: बोटीवर नोकरी करणाऱ्या गावकऱ्यांनी दोन सफरींच्या मधल्या दिवसांसाठी चालवलेली राहण्याची ठिकाणे. पेटाऱ्यांची रांग, एक छोटे देवघर आणि गावाच्या नावाची पाटी. बाहेरून पाहिल्यास इथे बंदराचा काही संबंध असेल असे वाटत नाही, पण गोव्याच्या कित्येक पिढ्या या खोल्यांतून जगभरच्या समुद्रांवर गेल्या.

शेवटचा टप्पा माझगावचा. डॉकयार्ड रोड स्टेशनला उतरून भंडारवाडा टेकडीवर चढावे. लोकमान्य टिळकांचे सहकारी काका बॅप्टिस्टा यांच्या नावाची बाग वर आहे. इथला इंग्रजांचा किल्ला १६९० मध्ये जंजिऱ्याच्या सिद्दी याकुतखानाने जमीनदोस्त केला. नौदलाची आणि पोर्टची भिंत जे सगळे झाकते ते या उंचीवरून उघडे पडते: क्रेन, गोद्या, माझगाव डॉकमध्ये बांधली जाणारी जहाजे, पलीकडे घारापुरीची टेकडी. उजवीकडच्या गोद्यांपैकी व्हिक्टोरिया डॉकमध्ये १४ एप्रिल १९४४ रोजी ‘फोर्ट स्टिकीन’ या जहाजाचा स्फोट झाला. त्याच्या पोटात दारूगोळा आणि कापूस शेजारी शेजारी ठेवलेला होता. शेकडो माणसे मेली, आसपासच्या वस्त्या जळाल्या आणि आग विझवायला गेलेले अग्निशमन दलाचे ६६ जवान परत आले नाहीत. देशभर १४ एप्रिलला अग्निशमन सेवा दिन पाळतात तो त्यांच्यासाठी.

टेकडी उतरून पूर्वेला गेले की भाऊचा धक्का. एकोणिसाव्या शतकात तो बांधला भाऊ अजिंक्य यांनी. मूळचा धक्का आजच्या जागी नव्हता, पण नाव लोकांनी सोबत आणले. कोकण रेल्वेच्या आधीच्या काळात रत्नागिरी, मालवणकडून येणाऱ्या चाकरमान्याचे मुंबईतले पहिले पाऊल बोटीतून धक्क्यावर पडे, आणि गणपतीला गावी जाण्याची धावपळही धक्क्यावरच असे. १७ जुलै १९४७ रोजी इथून रेवसला निघालेली ‘रामदास’ बोट काशाच्या खडकाजवळ उलटली आणि सहाशेहून अधिक प्रवासी बुडाले. आज धक्क्यावरून रेवस, मोरा आणि मांडव्याकडे वाहतूक चालते. इथल्या कोणत्याही बोटीत बसून परत यावे. शहराच्या ज्या पूर्व बाजूने दिवसभर चालले, ती पाण्यावरून एका नजरेत दिसते.

थोडे व्यवहाराचे. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ उत्तम. मार्चनंतर दहाच्या आत फेरी आटोपावी. पावसाळ्यात फोर्टच्या कमानींखालून चालणे सुंदर असते, पण बोटींचा भरवसा धरू नये. फोर्ट आणि बॅलार्ड इस्टेट रविवारी, तर मांडवी आणि मस्जिद बंदर कामाच्या दिवशी पाहावे, कारण रविवारी तिथे कुलुपेच दिसतात. घारापुरीची लेणी सोमवारी बंद असतात. नकाशावर नवी नावे असतात आणि टॅक्सीवाला, पानवाला जुन्या नावाने वाट सांगतो, तेव्हा दादाभाई नवरोजी मार्ग म्हणजेच हॉर्नबी रोड, अशा जोड्या लिहून ठेवलेल्या बऱ्या. नौदलाच्या भिंती आणि दरवाजांचे फोटो घेऊ नयेत. फूटपाथ बऱ्याच ठिकाणी उखडलेले किंवा अडवलेले आहेत. चाकाच्या खुर्चीने किंवा काठीने चालणाऱ्यांसाठी बॅलार्ड इस्टेट, हॉर्निमन सर्कल आणि ओव्हलच्या कडेचा भाग त्यातल्या त्यात सोपा.

१९८९ मध्ये न्हावा शेवा बंदर सुरू झाल्यापासून कंटेनरची वाहतूक हळूहळू तिकडे गेली आणि मुंबईच्या पूर्व किनाऱ्यावर कुलाब्यापासून वडाळ्यापर्यंत पोर्टची पुष्कळ जमीन वापराविना किंवा निम्म्या वापरात आहे. तिचे काय करावे याचे आराखडे होत राहतात. शिवडीचा १६८० चा किल्ला, त्याच्याखालच्या चिखलात हिवाळ्यापासून मेपर्यंत उतरणारे रोहित पक्षी, प्रिन्सेस डॉकचा परिसर, जुनी गोदामे, या सगळ्यांपर्यंत पायी पोचण्याची धड वाट आज नाही. आराखडा कोणताही असो, पाण्याच्या कडेने सर्वांना मोकळेपणी चालता येईल असा एक सलग रस्ता त्यात पहिल्यांदा असला पाहिजे, आणि मुंबईकरांनी तो मागून घेतला पाहिजे.